ओट्याच्या उंचीची पेटी

“पाय किती उंच धरू, अण्णा?”

रेवणसिद्धानं लोखंडी अँगल जमिनीवर उभा धरला होता आणि हातात खडू घेऊन तो श्रीमंताच्या तोंडाकडं बघत थांबला होता. खजुरीच्या बसथांब्यामागं त्याचं वेल्डिंगचं दुकान. दारं, खिडक्या, ट्रॉलीचे तुटलेले हूक, जे येईल ते तो जोडून द्यायचा. पण पायांवर उभी राहणारी, वर काचेचं झाकण असलेली, रोपं तयार करायची पेटी आजवर त्याच्याकडं कुणी मागितली नव्हती.

“उभं राहून काम करता आलं पायजे,” श्रीमंत म्हणाला. “वाकायचं काम नको.”

“कुणी उभं राहून? तुमी?”

“न्हाई. मंजूची आई.”

“मग अक्काच्या कमरेला लागंल असं करू. सांगा, किती?”

श्रीमंतानं हात आपल्या पोटाशी धरला. जरा खाली नेला. पुन्हा वर आणला. इतक्या वर्षांचा संसार. अंबिकाचा खोकला त्याला चार बायकांतून ओळखू यायचा, तिच्या पावलांवरून ती रागात आहे की नाही ते कळायचं. पण ती शेजारी उभी राहिली की आपल्या खांद्याला लागते की कानाला, हे काही केल्या त्याला आठवेना. डोळे मिटून त्यानं तिला समोर उभी करून बघितली. दर वेळी ती वाकलेलीच दिसली. चुलीपुढं वाकलेली, नाहीतर वाफ्यात, नाहीतर गोठ्यात शेणाच्या पाटीवर.

“उद्या सांगतो,” म्हणून तो घरी आला.

घरी आल्यावर त्याला स्वयंपाकाचा ओटा आठवला. गॅस घेतला त्या साली गवंडी लावून तो बांधून घेतला होता. गवंड्यानं अंबिकाला भिंतीशी उभं केलं होतं, “अक्का, हात ठेवा बघू” असं म्हटलं होतं, आणि तिचे तळवे जिथं आले तिथं रेघ मारली होती. ती लाजून हसत होती, एवढं श्रीमंताला चांगलं आठवत होतं. त्यानं सुतळी घेतली, जमिनीपासून ओट्याच्या कडेपर्यंत ताणली आणि तिथं गाठ मारली. सकाळी ती सुतळी नेऊन रेवणसिद्धाच्या हातात दिली.

अंबिका पुण्याला गेली ती लेकीच्या बाळंतपणाला. सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली होती. मंजुश्री आणि जावई सुनीलकुमार दोघंही कंपनीत. सव्वा महिना झाला तेव्हा बाळ अशक्त होतं. बाळानं अंग धरलं तेव्हा मंजुश्रीची सुट्टी संपली. मग पाळणाघर मिळेना, मिळालं ते आवडेना. चैत्रा आता चौथ्या वर्षात होती, बोबडं का होईना पण तोंडभर बोलत होती, आणि अंबिका अजून तिकडंच होती. पंचमीला यायची, दिवाळीला यायची. आली की दोन दिवस घर झाडण्यात जायचे, तिसऱ्या दिवशी पिशव्या भरायच्या.

कुणाचं काही चुकलेलं नव्हतं. म्हणूनच श्रीमंताला कुणाजवळ तक्रार करता येत नव्हती. पारावर कुणी विचारलं की तो म्हणायचा, “नातीपाशी हाय,” आणि लोकही “बरं हाय की” म्हणून दुसऱ्या विषयाला लागायचे. भाकरी करायला तो शिकला होता. पहिल्या वर्षी तव्यावर नकाशे उमटायचे, आता गोल यायची. बैल विकले होते, त्यामुळं गोठ्यात जायचं काम नव्हतं. शेत बटईनं दिलं होतं. तूर आणि ज्वारी बघायला सकाळी एक चक्कर झाली की दिवस मोकळा. आणि तो मोकळा दिवस काही केल्या सरायचा नाही.

जावयानं दिलेल्या मोबाईलवर तो संध्याकाळी काहीबाही बघत बसायचा. असंच एकदा त्याला दिसलं की कुठल्यातरी बर्फाच्या मुलुखातला एक म्हातारा जुन्या खिडकीचं झाकण उचलतोय, आणि आत कोवळी हिरवी रोपं उभी आहेत. बाहेर सगळं पांढरं, आत हिरवं. म्हातारा काय बोलत होता ते श्रीमंताला कळत नव्हतं. त्यानं ते तीनचारदा बघितलं, म्हाताऱ्याचे हात नीट बघितले.

त्याच वेळी त्याच्या मनात आलं की अंबिकाची कंबर गेली ती वाफ्यानंच. दर हिवाळ्यात ती परसात वांगी, मिरची, टमाट्याचं रोप टाकायची. उन्हाळी भाजीसाठी स्वतःच्या घरापुरतं हवं असायचं, पण गल्लीतल्या बायका मागतात म्हणून दुप्पट टाकायची. थंडीनं बी लवकर उगवायचं नाही, उगवलं की कोंबड्या उकरायच्या, आणि ही दिवसभर उकिडवी बसून गवत काढायची. मणक्यात गॅप आहे, वाकायचं बंद करा, असं डॉक्टरनं सांगितलं त्यानंतरच्या हिवाळ्यात परस ओसाड पडलं. त्याच्या पुढच्या वर्षी ती पुण्याला गेली.

उभं राहून करता आलं तर ती करेल, असं श्रीमंताला वाटलं. आणि करायचं म्हटल्यावर इथं राहावं लागेल. हे पुढचं त्यानं स्वतःशीसुद्धा पूर्ण म्हटलं नाही.

शाळेला सरकत्या खिडक्या बसल्या तेव्हा काढलेली जुनी तावदानं रेवणसिद्धाच्या मागच्या अंगणात धूळ खात पडली होती. त्यातली दोन चांगली निवडली. पेटीच्या बाजूंना फळ्या लागत होत्या. श्रीमंतानं गोठ्यातली गव्हाण मोडली. बैलांच्या माना घासून घासून त्या फळ्यांची कड गुळगुळीत झाली होती. मागची बाजू उंच, पुढची बुटकी, म्हणजे झाकण उतरतं राहील आणि दक्षिणेचं ऊन थेट आत पडेल. बुडाला पाणी निथळायला भोकं पाडली. रेवणसिद्ध स्वतः टेम्पोत घालून पेटी घेऊन आला आणि दोघांनी मिळून ती परसात, भिंतीच्या आडोशाला उभी केली.

रेवणसिद्ध दोन पावलं मागं सरून बघत राहिला. “आयतु,” तो म्हणाला. झालं, म्हणजे. मग हळूच म्हणाला, “अण्णा, अक्का यायल्यात का कायमच्या?”

“येळवसीला यायलीय,” श्रीमंत म्हणाला. शेतात पूजा करून तिथंच जेवायची ती मार्गशीर्षातली अमावास्या अजून लांब होती.

रेवणसिद्धानं कायमच्या या शब्दाचं उत्तर मिळालं नाही हे ओळखलं असावं. त्यानं पाण्याचा तांब्या मागितला, पाणी प्यायला आणि गेला.

इथली काळी माती रोपांना चालत नाही, पाणी धरून बसते. श्रीमंतानं शेजारच्या माळावरून तांबडी माती आणली, ओढ्याची वाळू आणली, जुनं शेणखत चाळणीनं चाळून घेतलं. तळाला खडी, वर हे सगळं मिसळून. हातानं सपाट करताना त्याला अर्धवट वाकावं लागत होतं. तो उंच माणूस, आणि पेटी ओट्याच्या मापाची. धड उभं राहता येत नव्हतं, धड बसता येत नव्हतं. पण ती काय त्याच्यासाठी नव्हतीच.

बियांचं गाडगं माडीवर सापडलं. राखेत पुरचुंड्या होत्या, पण कुठल्या पुरचुंडीत काय ते त्याला कळेना. वांग्याचं, मिरचीचं, टमाट्याचं बी त्याच्या डोळ्यांना सारखंच. त्यानं फोन लावला.

“अगं, गाडग्यातल्या पुरचुंड्यांत वांग्याचं बी कंचं?”

“अवं, तुमी कामून बी शोधायलाव?”

“उगंच. घुशी लागल्यात, म्हून बगायलो.”

“निळ्या चिंधीतलं वांगं. लाल दोरा बांधलाय ती मिरची. अन् टमाट्याचं…” मागून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. “चैत्रा! हात न्हाई लावायचा म्हटलं ना! थांबा हां, ही बगा काय करायली.” आणि फोन बंद झाला.

टमाट्याचं राहून गेलं. उरलेली पुरचुंडी टमाट्याची, असं धरून त्यानं बोटानं रेघा ओढल्या, बी सोडलं, वरून चाळलेल्या खताचा पातळ थर दिला आणि झारीनं पाणी घातलं. झाकण लावलं. रात्री वर गोणपाट टाकलं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. सकाळी अंगावर कांबळं घेऊन तो परसात यायचा तेव्हा काचेला आतून थेंब धरलेले असायचे. हात आत घातला की ऊब लागायची. बाहेर गवतावर दहिवर आणि आत ऊब. आठवड्यानं एका सकाळी मातीला बारीक भेगा दिसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातून वाकलेले देठ वर आले. श्रीमंत एकटाच मोठ्यानं म्हणाला, “आली की!” मग त्यानं आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या अंगणात रुद्रम्मा भांडी घासत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

आणि मग त्यानं ती रोपं मारली.

तुरीच्या राशीसाठी ताडपत्री आणायला तो आळंदला गेला होता. सकाळी निघाला तेव्हा गारठा होता, म्हणून झाकण तसंच बंद ठेवलं. जाताना जीप मिळाली, येताना बस लवकर आली नाही. तोवर ऊन वर आलं होतं. बसथांब्यावर उभ्या उभ्या त्याच्या पाठीला ते ऊन चटचट लागायला लागलं तेव्हा त्याला आठवण झाली. घरी येऊन ताडपत्री अंगणातच टाकून तो परसात पळाला. झाकण उचललं तर तोंडावर वाफ आली, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी. आत सगळी रोपं मातीला चिकटून पडली होती, शिजलेल्या मेथीसारखी.

तो मोडक्या गव्हाणीच्या दगडावर बसला. कुणी रागवायला नव्हतं. अंबिका असती तर बडबडली असती, “एवढं कळत न्हाई का,” म्हणाली असती, आणि बडबडता बडबडता पुन्हा बी काढायला उठली असती. ती बडबड आपल्याला इतकी हवीशी वाटेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी फोन आला तेव्हा “जेवलाव का?” ला तो “जेवलो” म्हणाला. चूल पेटलेली नव्हती.

रेवणसिद्धाला सांगितल्यावर त्यानं झाकणाला दातेरी पट्टी बसवून दिली. थोडं उघडायचं असेल तर पहिल्या दातावर, जास्त असेल तर वरच्या. “आता आळंदला जायचं असलं तर मला सांगा,” तो म्हणाला. “मी येऊन उघडून जातो. अक्काला सांगू नका पहिलं मेलं म्हून.”

दुसऱ्या पेरणीच्या वेळी श्रीमंत गावाबाहेर गेला नाही. उन्हाबरोबर झाकण वर, सावलीबरोबर खाली. लग्नाचं एक बोलावणं होतं औरादला, तेही टाळलं. लोक विचारायचे, दिसत न्हाई अण्णा? तो म्हणायचा, घरी काम हाय. खूप दिवसांनी हे वाक्य खरं होतं. येळवशीच्या आदल्या आठवड्यात रोपांना दुसरी पानं फुटली. वांग्याची जरा रुंद, मिरचीची टोकदार. तिसरी ओळ टमाट्याची नव्हती, तीही वांगीच निघाली, पांढऱ्या जातीची. टमाट्याचं बी गाडग्यात होतं की नाही, कुणास ठाऊक.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी सुनीलकुमारची गाडी दारात आली. मंजुश्री उतरली, चैत्रा उतरली, आणि मागून कमरेला पट्टा लावलेली अंबिका उतरली. श्रीमंतानं पिशव्या घेतल्या. ती उंबऱ्यात आली तेव्हा त्यानं न बोलता बघून घेतलं. त्याच्या खांद्याच्या जरा खाली लागत होती.

चहा झाल्यावर तो म्हणाला, “परसात चल जरा.”

“कामून? घुशी दावायलाव काय?”

परसात आल्यावर ती थांबली. पेटीवर दुपारचं ऊन पडलं होतं, झाकण वरच्या दातावर टेकलेलं होतं. ती जवळ गेली. काचेवर हात ठेवला. मग झाकण पूर्ण उचलून मागं टेकवलं आणि दोन्ही हात आत घातले. हात अगदी सहज पोचले. कोपरं कडेवर टेकली. ती सरळ उभी होती.

“अवं,” ती म्हणाली. मग बोटांनी रोपं जरा बाजूला सारत म्हणाली, “लई दाट टाकलाव बी.”

“मला काय कळतंय?”

“हे बगा, असं उपटायचं. अशक्त असंल ते काढायचं. दोन बोटं जागा राहिली पायजे.” तिची बोटं चालू झाली होती. उपटलेली रोपं ती डाव्या मुठीत धरत होती, जशी पूर्वी धरायची. “अन् सकाळी पाणी घालायचं, संध्याकाळी न्हाई. संध्याकाळी घातलं की रात्री मान टाकतात.” मग तिनं वर बघितलं. “उंची कशी काढलाव ही?”

“ओट्यावरनं.”

ती हसली. गवंड्यापुढं उभी असताना हसली होती तशीच, तोंडावर पदर धरून. चैत्रा धावत आली, तिला काही दिसेना म्हणून उचलून घे म्हणाली. अंबिकाला उचलता येत नव्हतं, म्हणून श्रीमंतानं उचललं. नातीनं एक रोप उपटून आजीला दिलं आणि ते नेमकं सगळ्यात चांगलं होतं. अंबिका म्हणाली, “असू दे.” श्रीमंताला वाटलं, आता एवढ्यावर सगळं ठीक होईल.

येळवशीला सगळे शेतात गेले. ज्वारी कमरेला आलेली, कडब्याची खोपटासारखी कोप घातलेली, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड. अंबिकानं उभ्या उभ्याच पूजा केली, वाकायचं ते मंजुश्री वाकली. श्रीमंतानं शेताला फेरी मारत आंबील शिंपडली. जेवायला शेंगाभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, आंबील. शेजारच्या शेतातली माणसं जेवायला आली, यांनी तिकडं जाऊन घास घेतला. चैत्राला आंबील आवडली नाही, उंडा आवडला. श्रीमंत त्या दिवशी फार बोलला. पेटी कशी केली, फळ्या कुठल्या, रेवणसिद्ध काय म्हणाला. पहिली रोपं मेल्याचंही सांगून टाकलं. अंबिका मनापासून ऐकत होती.

जेवणं झाली, मंजुश्री आणि सुनीलकुमार लेकीला घेऊन ओढ्याकडं गेले, तेव्हा दोघं कोपीच्या सावलीत बसले होते. अंबिकानं पाय लांब केले होते.

श्रीमंत म्हणाला, “शिमग्यापर्यंत रोपं लावून हुतील. मग उन्हाळ्यात वांगी. तू आलीस तर पावसाळ्यासाठी अजून एक खेप टाकता येईल. माती तीच चालंल.”

मांडीवर पडलेलं ज्वारीचं पान अंबिकानं उभं फाडलं, पुन्हा उभं फाडलं.

“मी उन्हाळ्यात न्हाई यायची,” ती म्हणाली.

“मंजूला सुट्टी न्हाई का?”

“मंजूचं काय न्हाई. चैत्रा आता शाळंत जाईल. मंजू तर म्हणायली, आई, तुला जायचं तर जा.” ती थांबली. “मलाच तिथं बरं वाटायलंय.”

श्रीमंत ज्वारीकडं बघत राहिला.

“खोटं कशाला बोलू,” अंबिका म्हणाली. “सकाळी बागंत फिरायला जाते. उदगीरची एक बाई हाय, निलंग्याची एक हाय, आपल्याच बोलीतल्या. बाकावर बसतो, बोलतो. कुणाला पाणी भरायचं न्हाई, कुणाला शेण काढायचं न्हाई. कंबर दुखली तर दुखली म्हणता येतंय. इथं असताना मी कधी बसले हुते का वो? तुमीच सांगा.”

“बसली न्हाईस,” तो म्हणाला.

“तुमी चला की तिकडं. मंजू कितीदा म्हणायली.”

तो एकदा गेला होता. आठव्या मजल्यावर. सकाळी उठून खिडकीशी उभा राहायचा आणि खाली बघायचा. कुठं जायचं ते सुचायचं नाही. लिफ्टमध्ये लोक समोर उभे राहून दाराकडं बघायचे. पंधरवडा पुरा झाला नाही तोच तुरीचं निमित्त काढून परत आला होता. हे अंबिकाला माहीत होतं.

“मला तिथं जमत न्हाई,” तो म्हणाला.

“ठाव हाय.” तिनं फाडलेल्या पानाचे तुकडे बाजूला ठेवले. “पेटी लई चांगली केलाव. मला असं कुणी कधी माझ्या मापाचं काही केलं न्हाई. पण मी वाट बगायला लावले तर पाप लागंल मला. म्हून सांगायले. वाट बगू नका.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिला काहीतरी म्हणावं, असं श्रीमंताला वाटलं. रागवावं असंही वाटलं, पण राग कशाचा काढायचा ते सापडेना. ती म्हणाली त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ओढ्याकडून चैत्राचं खिदळणं ऐकू आलं. तो म्हणाला, “व्हय.” आणि उठून कोपीतली भांडी गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी ती परसात गेली. गाडी चालू झाली तरी आली नाही म्हणून मंजुश्रीनं हाक मारली. आली तेव्हा तिच्या बोटांना माती होती. उरलेली विरळणी तिनं करून टाकली होती. “अप्पा, तब्येतीला जपा,” मंजुश्री म्हणाली. अंबिका गाडीत बसल्यावर म्हणाली, “काच उघडी ठेवायला इसरू नका.”

गाडी गेली. श्रीमंतानं घरात येऊन भाताचं पातेलं घासलं, अंथरुणं गुंडाळली, चैत्राचा राहून गेलेला एक मोजा कोनाड्यात ठेवला. परसात तो दोन दिवस फक्त काच उघडायला आणि लावायला गेला. पाणी सकाळीच घातलं.

तिसऱ्या दिवशी पाणी घालताना पाठीत चमक आली. तो ओट्याच्या उंचीवर वाकलेला होता. झारी खाली ठेवून तो कितीतरी वेळ पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग बसथांब्यामागं जाऊन रेवणसिद्धाला म्हणाला, “पाय वाढवून दे.”

रेवणसिद्धानं काय समजायचं ते समजून घेतलं. त्यानं मशीन टेम्पोत घातलं, माती सांडू नये म्हणून पेटी तशीच ठेवून चारही पायांखाली जोड दिले आणि शेवटी श्रीमंताला समोर उभं केलं. “हात ठेवा बघू, अण्णा.” श्रीमंतानं हात ठेवले. वाकावं लागलं नाही. वेल्डिंगची ठिणगी उडून काचेच्या कोपऱ्याला तडा गेला होता, त्याला रेवणसिद्धानं चिकटपट्टी लावली. परत जायच्या आधी पहिल्यांदाच त्यानं चहा मागून घेतला आणि बराच वेळ बसला. दोघं तुरीबद्दल बोलले.

माघ सरताना रोपं वितीएवढी झाली. परसातला आपला तुकडा लावून झाला तरी अर्धी पेटी उरली. अंबिका असताना बायका येऊन घेऊन जायच्या. आता कुणाला माहीतच नव्हतं. श्रीमंतानं रोपं ओल्या पोत्यात गुंडाळली आणि तो स्वतः गल्लीतून निघाला. विमलबाईच्या दारात उभा राहिला तेव्हा ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, “अंबिकाअक्का आल्या का?”

“न्हाई. मीच लावलीत.”

“तुमी?” ती रोपांकडं बघायला लागली. “ब्येस हायत की.”

दारोदार तोच प्रश्न आणि तेच उत्तर. शेवटी रुद्रम्माच्या अंगणात आला. रुद्रम्मा एकटीच असते, तिचा मुलगा गुलबर्ग्याला. तिनं मिरचीची रोपं घेतली, पांढरी वांगी बघून म्हणाली, ही जात तर आता कुणाकडं राहिली न्हाई. मग म्हणाली, “त्या दिवशी तुमी ‘आली की’ म्हणालाव. मला वाटलं, अक्काच आल्या. भांडी टाकून बघायला यावं असं वाटलं हुतं.”

“रोपं आली हुती,” श्रीमंत म्हणाला.

“ते मागनं कळलं.”

तिनं बसा म्हटलं. तो अंगणातल्या दगडावर बसला. तिनं गूळ-पाणी दिलं. त्यानं घाईनं पाणी पिऊन उठायचं केलं नाही.

संध्याकाळी अंबिकाचा फोन आला. किती रोपं लागली, किती मेली, कुणाकुणाला दिली, ते तिनं खोदून खोदून विचारलं. विमलबाईला दिलीत ते बरं केलं म्हणाली. पांढऱ्या वांग्याला पाणी कमी लागतंय म्हणाली, पहिलं फळ बियाला सोडा म्हणाली. श्रीमंत “व्हय, व्हय” म्हणत ऐकत होता. इतकं ती गेल्या वर्षभरात एका वेळी बोलली नव्हती.

तेवढ्यात तिकडं दाराची घंटी वाजली. “आले, आले,” अंबिका म्हणाली, त्याला नव्हे. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला, पण बंद झाला नाही. श्रीमंतानं तो कानालाच धरून ठेवला. दूरवर कुकरची शिट्टी झाली. चैत्रा काहीतरी गाणं म्हणत होती. दारात आलेल्या बायकांचा गलका झाला, उदगीरची असेल, निलंग्याची असेल. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि अंबिका मोठ्यानं हसली. पदर न धरता, तोंड उघडं टाकून हसल्यावर येतो तसला आवाज. तिला असं हसताना त्यानं ऐकलं नव्हतं.

पुन्हा ते हसणं येतं का म्हणून तो जरा थांबला. बायकांची पावलं आत कुठंतरी गेली, बोलणं अंधुक झालं, मग नुसतीच चैत्रा उरली, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारी. त्यानं हळूच फोन बंद केला, खिशात ठेवला आणि परातीत पीठ काढायला आत गेला.